स्टीरिओचे जनक ॲलन ब्लमलाइन

जुना आणि नवा स्मार्ट स्पीकर जोडून स्टीरिओ ऐकू पाहणाऱ्यांच्या पदरी अनेकदा निराशाच येते. दोन्हींची वेळ आणि आवाजाची पातळी तंतोतंत जुळली, तरच कानाला दिशेचा भास होतो. हे गणित मांडले लंडनच्या ॲलन ब्लमलाइन (१९०३-१९४२) यांनी. चित्रपटात नट पडद्यावर सरकतो, आवाज मात्र एकाच जागेवरून येतो, हे त्यांना खटकले. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. अवघ्या ३८ वर्षांच्या आयुष्यात १२८ पेटंट्स! ७ जून १९४२ रोजी रडारची चाचणी घेणारे हॅलिफॅक्स विमान कोसळून त्यांचा अंत झाला. युद्धकालीन गुप्ततेपायी ती बातमीही दडवली गेली. एकाच चरीत दोन आवाज कोरण्याची त्यांची कल्पना बाजारात रुळली ती १९५८ च्या सुमारास.