न्यायासन नाकारणारे न्यायविद : इमाम अबू हनीफा (रह.)

इमाम अबू हनीफा (रह.) यांचे नाव आपल्या घरात बहुधा मसल्यांच्या निमित्ताने निघते. वजू कशाने तुटते, वित्रची नमाज कशी अदा करावी, हे विचारताना आपण त्यांच्या मताचा आधार घेतो. परंतु ज्याने इबादतीचे बारकावे उलगडले, त्याच माणसाने सत्तेपुढे मान न तुकवता चाबकाचे फटके सोसले, हे आपल्यापैकी किती जणांच्या मुलांना ठाऊक आहे? दीन आणि समाजव्यवहार यांचे नाते समजून घ्यायचे असेल, तर हे चरित्र आवर्जून वाचावे.

त्यांचे नाव नोमान बिन साबित. हिजरी 80 (इ.स. 699) मध्ये इराकातील कूफा शहरी त्यांचा जन्म झाला. घराणे मूळचे अरबेतर, व्यवसाय कापडाचा. रेशीममिश्रित उंची वस्त्रांचे त्यांचे दुकान कूफ्यात नावाजलेले होते. हम्माद बिन अबी सुलैमान (रह.) यांच्यापाशी त्यांनी सुमारे अठरा वर्षे ज्ञानार्जन केले आणि हिजरी 120 मध्ये गुरूंच्या निधनानंतर त्यांची गादी सांभाळली. दुकान मात्र सोडले नाही. आपली भाकर कोणत्याही अमिराच्या खजिन्यातून येऊ नये, हा त्यामागील हेतू होता. पुढे त्यांच्या ताठ कण्याचे बळ याच दुकानातून आले, हे आपण ध्यानात ठेवावे.

त्या दुकानाचा व्यवहार कसा होता? चरित्रकार सांगतात की, एकदा त्यांच्या भागीदाराने सदोष कापड दोष न सांगता विकले. गिऱ्हाईक सापडेना, तेव्हा इमामसाहेबांनी त्या मालाची सारी रक्कम सदका करून टाकली. एक स्त्री रेशमी वस्त्र शंभर दिरहमला विकावयास आली, तर त्यांनी स्वतःच तिला त्याची खरी किंमत कितीतरी अधिक असल्याचे समजावले. गरीब शिष्य अबू यूसुफ यांच्या घरचा खर्च याच नफ्यातून चालत असे. न्याय हा विषय त्यांनी आधी स्वतःच्या तागडीत तोलला आणि मगच ग्रंथात मांडला.

त्यांच्या मजलिसीत एकेका प्रश्नावर शिष्य मोकळेपणाने वाद घालीत, कधी कित्येक दिवस. सज्ञान स्त्रीचा निकाह तिच्या संमतीवाचून लावता येत नाही आणि असा निकाह ती स्वतः करू शकते, असे त्यांचे मत होते. मुस्लिमाने राज्यातील बिगर-मुस्लिम प्रजाजनाचा जाणूनबुजून खून केला, तर त्यालाही किसासचीच शिक्षा, असा त्यांचा निर्णय होता. मानवी प्राणाचे मोल धर्म पाहून बदलत नाही, हा त्याचा गाभा.

आता सत्तेशी आलेला प्रसंग पाहा. उमय्या राजवटीच्या अखेरच्या काळात इराकचा सुभेदार इब्ने हुबैरा याने त्यांना मोठे पद देऊ केले. अन्यायी हुकुमांवर आपली मोहर उमटवणे त्यांना मान्य नव्हते. नकार देताच चाबकाचे फटके बसले. सुटका झाल्यावर ते मक्केला निघून गेले. हिजरी 132 (इ.स. 750) मध्ये अब्बासी आले, राजवट बदलली, परंतु सत्तेची अपेक्षा तीच राहिली.

मोसलच्या लोकांनी खलिफा मन्सूरशी करार केला होता की, बंड केल्यास आमचे प्राण तुम्हास हलाल. ते मोडल्यावर मन्सूरने उलमांचे मत विचारले. इमामसाहेबांनी स्पष्ट सांगितले की, जे त्यांच्या मालकीचेच नाही ते त्यांनी देऊ केले. माणसाचा प्राण करारात लिहून देता येत नाही. एका उत्तराने एका शहराच्या कत्तलीस शरीअतची संमती नाकारली.

अखेर मन्सूरने त्यांना काझीपद स्वीकारण्यास फर्मावले. आपण त्या पदास योग्य नाही, असे इमामसाहेब म्हणाले. खलिफाने त्यांना खोटे ठरवले. त्यावर त्यांनी नम्रपणे दाखवून दिले की, आपण खोटे असू तर खोटा माणूस काझी होऊच शकत नाही. परिणाम तुरुंगवास. हिजरी 150 (इ.स. 767) मध्ये बगदादेत त्यांचे निधन झाले, बहुतेक चरित्रकारांच्या मते बंदिवासातच. जनाज्यास एवढी गर्दी लोटली की, नमाज पुनःपुन्हा अदा करावी लागली. कोकणातील आपल्या बांधवांचे इमाम शाफई (रह.) याच वर्षी जन्मले आणि पुढे त्यांच्याच शिष्याचे, इमाम मुहम्मद (रह.) यांचे, विद्यार्थी झाले.

येथे आपल्या मनात प्रश्न उभा राहील : चांगल्या माणसाने पद नाकारले, तर न्याय कोणी करावा? प्रश्न रास्त आहे. त्यांचेच लाडके शिष्य इमाम अबू यूसुफ (रह.) पुढे हारून रशीदच्या काळात सर्वोच्च काझी झाले आणि किताबुल खराज लिहून त्यांनी खलिफाला बजावले की, करवसुलीसाठी रयतेला मारू नये, उन्हात उभे करू नये. गुरूने पद नाकारून जे राखले, तेच शिष्याने पद स्वीकारून राखण्याचा प्रयत्न केला. तेव्हा कसोटी खुर्चीत बसण्याची किंवा न बसण्याची नाही. ज्या खुर्चीत बसून बलवंताविरुद्ध निकाल देता येत नाही, ती खुर्ची अमानत राहत नाही, ही खरी कसोटी आहे.

आपल्यापैकी कोणी मशिदीच्या ट्रस्टवर असेल, कोणी ग्रामपंचायतीत, कोणी दुकानाच्या गल्ल्यावर. हिशेब लपवण्यास, दुर्बलाचा हक्क डावलण्यास आपली सही मागितली जाईल, तेव्हा कूफ्याच्या या कापड-व्यापाऱ्याचे स्मरण करावे. नमाजेत अल्लाहपुढे झुकणारी मान अन्यायापुढेही झुकू लागली, तर त्या सजद्याचा अर्थ आपणच आपल्याला विचारावा.

अल्लाह आपणा सर्वांना न्यायावर ठाम राहण्याची तौफीक देवो. आमीन.