वाचकाच्या बाजूने पाहणारा राजा

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना त्यांच्या पदव्या व पराक्रम आमच्या ध्यानात राहतात. परंतु त्यांनी जे निर्माण केले ते कोणाच्या सोयीने घडविले, हा प्रश्न आम्ही क्वचितच विचारतो. संकेतस्थळे व मोबाइलवरील ॲप यांची रचना आज शिकविली जाते, तेव्हा पहिला धडा हाच असतो. करणाऱ्याला काय सोपे वाटते हे न पाहता वापरणाऱ्याचे कोठे अडते, ते आधी पाहावे. आमचे समा आज ज्या बडोदे नगरीचा एक भाग आहे, त्या नगरीच्या राजाने हा धडा संगणकाच्या कितीतरी आधी गिरविला होता. ते राजे म्हणजे श्रीमंत महाराज सयाजीराव गायकवाड तिसरे.

महाराजांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या कवळाणे या खेड्यात झाला. त्यांचे मूळचे नाव गोपाळराव. १८७५ साली मल्हारराव पदच्युत झाल्यावर महाराणी जमनाबाईंनी २७ मे रोजी या शेतकऱ्याच्या मुलास दत्तक घेतले. वय बारा वर्षांचे, आणि अक्षरओळखही नाही! इलियट या शिक्षकांच्या देखरेखीखाली त्यांनी मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी या चारही भाषांचा अभ्यास केला व १८८१ च्या अखेरीस राज्यकारभार हाती घेतला. ज्याने बाराव्या वर्षी मुळाक्षरे गिरविली, त्यास निरक्षराची अडचण दुसऱ्याने समजावून सांगावी लागत नाही, असे आम्हांस वाटते.

कारभार हाती येताच महाराज राज्यात दौरे करू लागले. १८९० मध्ये त्यांनी कलाभवन स्थापिले. तेथे कारागिरांच्या मुलांना धंदेशिक्षण मातृभाषेतून मिळावे, असा हेतू होता. कारण इंग्रजी येत नाही म्हणून हातातील कसब वाया जाऊ नये. सक्तीच्या शिक्षणाची योजनाही त्यांनी एकदम सर्वत्र लादली नाही. १८९३ साली अमरेली तालुक्यात तिचा प्रयोग झाला, अनुभव घेतला गेला आणि मग १९०६ मध्ये ती संपूर्ण राज्यास लागू झाली. ही सक्ती गरिबास जाचकही वाटे. मूल शाळेत गेले की शेतातले दोन हात कमी होत, न धाडावे तर दंड भरावा लागे.

त्यातून आणखी एक अडचण पुढे आली. शाळा सुटल्यावर गावात वाचावयास काहीच नसल्याने मुले शिकलेले विसरून जात. दोष मुलांचा नसून व्यवस्थेत उणीव आहे, हे महाराजांनी ओळखले. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली होती. १९१० साली त्यांनी तेथील विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास बडोद्यास आणिले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, त्यास महाराजांनी आपला खाजगी ग्रंथसंग्रह दिला. कुलूपबंद कपाटांची रीत सोडून वाचकाने स्वतः पुस्तक हाताळून निवडावे, अशी मोकळीक तेथे देण्यात आली. स्त्रिया व मुले यांच्यासाठी निराळी सोय झाली.

ज्यांना शहरात येणे शक्य नव्हते, त्यांच्याकडे पुस्तके लाकडी पेट्यांतून जाऊ लागली व वाहतुकीचा खर्च सरकारने सोसला. ज्यांना वाचताच येत नव्हते, त्यांनाही महाराज विसरले नाहीत. त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्नची चित्रे व चलच्चित्रे दाखविली जात. गावच्या ग्रंथालयासाठी एकतृतीयांश रक्कम गावाने, एकतृतीयांश प्रांत पंचायतीने व उरलेली सरकारने द्यावी, असा नियम होता. त्यामुळे ग्रंथालय हे सरकारी दान न राहता गावाची स्वतःची वस्तू झाली. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या निष्ठावंत कार्यकर्त्यांनी हे काम खेडोपाडी पोहोचविले.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबई येथे महाराजांचे निधन झाले. पुढे १९४९ साली स्थापन झालेल्या विद्यापीठास त्यांचेच नाव मिळाले व कलाभवन त्याचाच एक भाग बनले.

विद्यार्थीमित्रहो, आपल्यापैकी काही जण उद्या संकेतस्थळे व ॲप तयार करतील. त्याचा अभ्यास आजच घरी करता येईल. आजी मोबाइलवर चुकीच्या ठिकाणी बोट ठेवते, तेव्हा आपण हसतो व फोन तिच्या हातून घेतो. तसे न करता आपण शेजारी बसावे, तिचे बोट कोठे थबकते ते मुकाट्याने पाहावे आणि वहीत टिपून ठेवावे. अक्षर बारीक आहे काय? शब्द अनोळखी आहे काय? मग कागदावर नवी रचना काढून पुन्हा तिलाच दाखवावी. पुन्हा अडले तर पुन्हा बदलावी. चूक आजीची, असे म्हणून सुटका करून घेणे सोपे आहे. पण मुले शिकलेले विसरतात म्हणून महाराजांनी त्यांस बोल लाविला नाही, त्यांच्या गावी पुस्तकांची पेटी धाडली.