चाऊ एन-लाय : टेबलापलीकडचा माणूस

भारत-चीन हा विषय निघाला की आपल्याला दोनच नावं आठवतात, नेहरू आणि माओ. पण दोन्ही देशांची समोरासमोर बोलणी झाली, तेव्हा टेबलाच्या पलीकडे बहुतेक वेळा तिसराच माणूस बसलेला असायचा. त्याचं नाव चाऊ एन-लाय. १९४९ पासून १९७६ मध्ये मरेपर्यंत ते चीनचे पंतप्रधान होते.

त्यांचा जन्म ५ मार्च १८९८ चा, हुआइआन गावातला. लहानपणीच आई गेली आणि ज्या काकूने त्यांना दत्तक घेतलं होतं तीही गेली. मग एका काकांनी सांभाळलं. शिक्षण तिआन्जिनच्या नानकाई शाळेत झालं. शाळा फक्त मुलांची, त्यामुळे नाटकात स्त्री-भूमिका मुलंच करायची आणि देखणे चाऊ त्यात हिट होते! १९१७ मध्ये ते जपानला गेले, पण तिथल्या कॉलेजच्या प्रवेश परीक्षांत नापास झाले. (एटीकेटीवाल्यांनी नोंद घ्यावी.) परत आल्यावर विद्यार्थी आंदोलन, काही महिने तुरुंग, मग फ्रान्स आणि तिथे कम्युनिस्ट पक्ष. पुढची क्रांती, लाँग मार्च वगैरे आपण इतिहासात वाचलंय, म्हणून सरळ दिल्लीला येते.

जून १९५४ मध्ये चाऊ पहिल्यांदा दिल्लीला आले. पंचशीलची पाच तत्त्वं त्याआधी एप्रिलमध्येच तिबेटच्या व्यापाराविषयीच्या करारात आली होती. आता दोन्ही पंतप्रधानांनी ती संयुक्त निवेदनात जाहीर केली. हिंदी-चिनी भाई भाईचे ते दिवस. पण त्या करारात सीमेबद्दल एक अक्षर नव्हतं. आपण ड्रॉइंग शीटवर डायमेन्शन्स न टाकता सबमिशन करतो, तसंच काहीसं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नेहरू बीजिंगला गेले आणि त्यांनी चिनी नकाशांचा विषय काढला. नकाशे क्रांतीच्या आधीचे आहेत, अजून तपासायला वेळ मिळालेला नाही, अशा अर्थाचं उत्तर चाऊंनी दिलं. नेहरूंनी ते मान्य केलं.

१९५५ साली ते मरता मरता वाचले. बांडुंग परिषदेला जाणाऱ्या चिनी मंडळींसाठी एअर इंडियाचं काश्मीर प्रिन्सेस हे विमान ठरलं होतं. ११ एप्रिलला हाँगकाँगहून निघालेल्या या विमानात बॉम्ब फुटला आणि ते समुद्रात कोसळलं. १९ पैकी १६ जण गेले. कॅप्टन जटार शेवटपर्यंत विमान सांभाळत होते. वाचलेल्या तिघांपैकी एक होते मेंटेनन्स इंजिनिअर कर्णिक. चाऊ त्या विमानात चढलेच नव्हते. त्यांना आधीच कळलं होतं का, यावर आजही वाद आहे. ते रंगूनमार्गे बांडुंगला पोचले आणि तिथे शांत, नम्र बोलून त्यांनी बऱ्याच संशयी देशांना गार केलं.

पण इथेच मला त्यांचा राग येतो. एकीकडे असं गोड बोलणं चालू असताना अक्साई चीनमधून रस्ता बांधला जात होता. १९५७ मध्ये तो पूर्ण झाला, तोही आपल्याला न सांगता. जानेवारी १९५९ च्या पत्रात चाऊंनी लिहिलं की सीमा कधी अधिकृतपणे ठरलेलीच नाही. मग जुन्या नकाशांचं ते उत्तर काय होतं? त्याच वर्षी दलाई लामा भारतात आले आणि ऑक्टोबरमध्ये कोंगका खिंडीत आपले पोलीस मारले गेले.

एप्रिल १९६० मध्ये चाऊ पुन्हा दिल्लीत आले. या वेळी भाई भाई नव्हतं. सुमारे आठवडाभर ते नेहरूंशी बोलत राहिले. शिवाय पंत, मोरारजी देसाई, राधाकृष्णन अशा एकेकाला भेटले. पूर्वेला तुमचा ताबा आम्ही मान्य करू, पश्चिमेला आमचा तुम्ही करा, असा त्यांचा रोख होता. नेहरू ते कबूल करू शकले नाहीत. संसद तापलेली होती आणि फसवणूक झाल्याची भावना होती. ती खोटी होती असं मला वाटत नाही. तरी त्या आठवड्यात थोडं काही जुळलं असतं तर, हा प्रश्न मनातून जात नाही. शेवटच्या रात्री चाऊंनी पत्रकार परिषद घेतली. ती मध्यरात्र उलटेपर्यंत चालली. हाती काही न घेता ते काठमांडूला गेले.

१९५४ चा तो करार आठ वर्षांचा होता. जून १९६२ मध्ये मुदत संपली, कोणी वाढवली नाही. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. पंतप्रधान चाऊच होते, त्यामुळे ते त्यातून सुटत नाहीत. आणि गंमत बघा, युद्ध चालू असतानाही त्यांची नेहरूंना पत्रं येतच होती!

पुढे १९७२ मध्ये निक्सन आणि जपानचे तानाका दोघेही बीजिंगला आले आणि दोन्ही जुन्या शत्रूंशी चाऊंनीच जुळवून आणलं. भारताशी मात्र राहूनच गेलं. तोपर्यंत त्यांना कॅन्सर झाला होता. हॉस्पिटलमधूनही ते कामाच्या भेटी घेत. ८ जानेवारी १९७६ ला ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे अस्थी विखुरल्या, समाधी नाही.

त्याच वर्षी, पंधरा वर्षांनंतर, भारताने चीनमध्ये पुन्हा राजदूत पाठवला. के. आर. नारायणन बीजिंगला पोचले तेव्हा टेबलापलीकडची ती खुर्ची रिकामी होऊन काही महिने झाले होते.