पंडिता रमाबाई आणि ग्रंथप्रामाण्याचा प्रश्न

पंडिता रमाबाईंचे नाव घेतले की आपल्याला शारदा सदन आठवते, केडगावचे मुक्ती सदन आठवते आणि परीक्षेतली स्त्रीशिक्षणावरची टीपही आठवते. त्यांच्या धर्मांतराचा उल्लेख मात्र बहुधा एका वाक्यात उरकला जातो. ज्यांना ते रुचले नाही ते तेथे मौन बाळगतात, आणि ज्यांना रुचले ते तेथेच गोष्ट संपवतात. माझे मत थोडे निराळे आहे. बाप्तिस्मा घेतल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत इंग्लंडात त्यांनी जो वाद घातला, तो मला त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा बौद्धिक प्रसंग वाटतो. धर्मग्रंथ ईश्वरप्रेरित आहे असे मानले, तर त्याचा अर्थ सांगण्याचा अधिकार कोणाचा? तो वाचणाऱ्या माणसाचा, की शतकानुशतके तो सांभाळत आलेल्या संस्थेचा?

हा प्रश्न त्यांना इंग्लंडात प्रथमच भेटला असे नाही. त्यांच्या जन्माआधीच तो त्यांच्या घरात शिरला होता. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कारकळजवळच्या माळ गावचे. (आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांनी हे जरूर ध्यानात घ्यावे, रमाबाई जितक्या आमच्या तितक्याच तुमच्या.) त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला घेतले. त्यावरून गहजब झाला आणि उडुपीला विद्वानांच्या सभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला. शास्त्रीबुवांनी ग्रंथ काढले, वचने दाखवली, आणि स्त्रीने संस्कृत काव्य-पुराणे शिकण्यास शास्त्राचा निषेध नाही हे सिद्ध केले. वेद मात्र त्यांनीही पत्नीला वा मुलीला दिला नाही. म्हणजे ग्रंथ हाती घेऊन रूढीशी भांडायचे, पण एका मर्यादेपाशी थांबायचे, असा त्या घरचा शिरस्ता होता. पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या अरण्यात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. पुढे घरदार गेले, पुराणे सांगत तीर्थयात्रा सुरू झाली, दुष्काळाने आईवडील नेले, थोरली बहीण नेली. उरले रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. पायी हिंडत ही भावंडे १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली आणि तेथील पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

कलकत्त्यात व्याख्यानांसाठी म्हणून रमाबाई धर्मशास्त्रे वाचू लागल्या. तेथे त्यांना दिसले की हे ग्रंथ एकमेकांशी शेकडो बाबतींत भांडतात, पण स्त्रिया आणि शूद्र यांना कमी लेखण्यात मात्र त्यांचे एकमत होते. केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेद ठेवला. वडिलांनी आखलेली मर्यादा अशी ओलांडली गेली. १८८० मध्ये भाऊ वारला; त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. सिलचरच्या त्या घरात लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हाती लागली होती. ती त्यांनी उत्सुकतेने वाचली आणि एका बाप्टिस्ट मिशनऱ्याकडून थोडे समजूनही घेतले.

पुण्यात आल्यावर आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढील साक्ष, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक, सगळे १८८२ या एकाच वर्षात झाले. त्याबद्दल अन्यत्र पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एवढीच, की पुण्यात त्यांची गाठ वाँटेजच्या सेंट मेरी मठाच्या भगिनींशी पडली आणि नीळकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोऱ्हे यांच्याशीही पडली. गोऱ्हे हे काशीत वाढलेले चित्पावन पंडित. त्यांनी १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला होता. हा माणूस स्वभावाने संशयी. आपल्या एकट्याच्या बुद्धीवर भिस्त ठेवली तर आपण कोठेच स्थिर होणार नाही, या जाणिवेने ते प्राचीन मंडळीच्या परंपरेला घट्ट धरून राहिले. रमाबाईंचा स्वभाव नेमका उलट होता.

१८८३ मध्ये त्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. वैद्यकीय शिक्षण घेण्याचा त्यांचा मानस होता, परंतु कानांनी साथ दिली नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे माय-लेकींचा बाप्तिस्मा झाला. भगिनी जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता झाल्या. १८८४ पासून रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात, प्राचार्या डोरोथिया बील यांच्या हाताखाली शिकू लागल्या, आणि वाँटेज-चेल्टनहॅम अशी पत्रे सुरू झाली. जेराल्डिनबाईंनी जपून ठेवलेला हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. ज्यांना तत्त्वज्ञानाची आवड आहे त्यांनी तो ग्रंथालयातून मिळवून वाचावाच.

वाद समजण्यासाठी पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. बायबल ईश्वरप्रेरित आहे हे सर्व ख्रिस्ती पंथांना मान्य आहे. मतभेद त्याच्या पुढचा आहे. रोमन कॅथलिक मंडळीने ट्रेंटच्या परिषदेत, १५४६ मध्ये, असे ठरवले की पवित्र शास्त्र आणि प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा ही दोन्ही सारख्याच आदराने स्वीकारायची. ल्यूथरच्या अनुयायांना शास्त्र हेच अंतिम प्रमाण. इंग्लंडच्या मंडळीने या दोहोंच्या मध्ये पाऊल टाकले. तिच्या एकोणचाळीस कलमांपैकी सहाव्यात म्हटले आहे की तारणास आवश्यक ते सर्व शास्त्रात आहे. विसाव्यात म्हटले आहे की श्रद्धेविषयीच्या वादात मंडळीला अधिकार आहे, मात्र शास्त्राविरुद्ध काही ठरवण्याचा नाही. आता शास्त्राविरुद्ध काय हे कोण ठरवणार? कलमे लिहिणाऱ्यांनी ही गाठ तशीच ठेवली. त्यात १८३३ पासून ऑक्सफर्डमध्ये जी चळवळ उठली तिने परंपरेचे, बिशपांच्या अखंड मालिकेचे आणि प्राचीन अंगीकारांचे महत्त्व पुन्हा वाढवले. वाँटेजचा मठ १८४८ मध्ये याच वाऱ्यात स्थापन झालेला. त्याच काळात दुसरे वारेही वाहत होते. नाताळ प्रांताचे बिशप कोलेन्सो यांनी १८६२ पासून मोशेच्या पाच ग्रंथांच्या ऐतिहासिकतेवर शंका घेतल्या होत्या आणि मोठे वादळ उठवले होते.

अशा घरात आपली ही पंडिता जाऊन बसली. खटका प्रामुख्याने अथनाशियसच्या अंगीकारावरून उडाला. या अंगीकारात त्रैक्याचा सिद्धांत, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा अत्यंत काटेकोर शब्दांत बांधलेला आहे आणि तो न मानणाऱ्याचा सर्वनाश होईल अशी तंबीही दिलेली आहे. अथनाशियसशी त्याचा संबंध नावापुरताच. रचना मागाहूनची आणि लॅटिन आहे. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाप्रमाणे वर्षातून १३ ठरावीक दिवशी तो म्हणायचा असे. रमाबाईंनी तो म्हणण्यास नकार दिला. ख्रिस्ताची शिकवण आपण मनापासून स्वीकारली आहे, परंतु हे सूत्र आपल्याला बायबलात या रूपात दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे. ख्रिस्ताचे देवत्व आणि कुमारीपासूनचा जन्म यांविषयीही त्यांनी उघड शंका विचारल्या.

जेराल्डिनबाईंना यात अहंकार दिसला. बाप्तिस्म्याच्या वेळी तू मंडळीचा विश्वास स्वीकारलास, आता शिष्येसारखे शिकावेस, एकटीने बसून निवाडे करू नयेत, असा त्यांचा सूर होता. मला त्यांची बाजू अगदीच टाकाऊ वाटत नाही. बायबलात कोणती पुस्तके घ्यायची हे तरी कोणी ठरवले? मंडळीनेच. मग ती यादी मान्य करायची आणि त्याच मंडळीने लावलेला अर्थ नाकारायचा, हे तर्काला धरून आहे काय? गोऱ्ह्यांचाही रोख हाच होता. ख्रिस्ताच्या देवत्वाची प्रमाणे सांगणारे एक विस्तृत पत्रच त्यांनी रमाबाईंसाठी लिहिले.

रमाबाईंचे उत्तर मात्र अनुभवातून आले होते. अर्थ सांगण्याची मक्तेदारी एका वर्गाकडे गेली की काय होते हे त्यांनी उडुपीपासून कलकत्त्यापर्यंत पाहिले होते. एका पुरोहितवर्गाच्या हातून मोठ्या कष्टाने सुटलेली मान दुसऱ्याच्या जोखडात देण्यास त्या तयार नव्हत्या. शिवाय मंडळी म्हणजे कोणती मंडळी? रोमची, ग्रीकांची, इंग्लंडची, की बाप्टिस्टांची? प्रत्येक जण आपणच खरे म्हणतो. आणि हे केवळ सिद्धांताचे भांडण राहिले नव्हते. रमाबाईंनी पुरुषांना संस्कृत शिकवावे अशी कल्पना निघाली तेव्हा मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी मोडता घातला. ज्या बाईच्या वडिलांना बाईला शिकवले म्हणून सभेपुढे उभे केले होते, तिला हे काय वाटले असेल? गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. मला तर हा प्रश्न अथनाशियसच्या वादाइतकाच खोल वाटतो. परंपरा ईश्वराची, की युरोपची? बीलबाईंनी तेवढे ओळखले होते. या बाईला स्वतःच्या वाटेने जाऊ द्यावे, असे त्यांनी वाँटेजला परोपरीने सुचवले.

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेस गेल्या, डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाला उपस्थित राहिल्या, तेथे पुस्तक लिहिले, पैसा उभा केला आणि परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. इथपर्यंत त्या प्रश्न विचारणाऱ्या ख्रिस्ती होत्या. मग १८९१ च्या सुमारास, विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मकथन वाचत असता, त्यांच्यात मोठा पालट झाला. आपण धर्म स्वीकारला पण ख्रिस्ताला भेटलोच नव्हतो, अशी त्यांची भावना झाली. यापुढे बायबल हे त्यांच्या लेखी संपूर्णपणे देवाचे वचन झाले. चेल्टनहॅमच्या शंका मागे पडल्या. काही अभ्यासकांना ही माघार वाटते. मला तसे म्हणवत नाही, कारण एक गोष्ट बदलली नाही : बिशपाची किंवा परिषदेची सत्ता त्यांनी नंतरही मानली नाही. केडगावचे मुक्ती सदन कोणत्याच एका पंथाचे नव्हते. मात्र या नव्या श्रद्धेची किंमत त्यांनी मोजली. मुली ख्रिस्ती होऊ लागल्याच्या वादात १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले. १९०५ मध्ये मुक्तीत मुली अश्रू ढाळीत, अनोळखी भाषांत बोलत प्रार्थना करू लागल्या तेव्हा काही मिशनरी नाक मुरडू लागले. रमाबाईंनी मुलींचीच बाजू घेतली.

दुष्काळातून आणलेल्या मुलींमुळे मुक्तीची वस्ती १९०० च्या सुमारास दोन हजारांच्या आसपास गेली होती. त्या मुलींना वाचता येऊ लागले तसा जुना प्रश्न नव्या वेषात पुढे आला. प्रचलित मराठी बायबल फार संस्कृतप्रचुर आहे, चूल-शेत सांभाळणाऱ्या बाईला ते कळत नाही, आणि त्यातील कित्येक शब्दांना दुसऱ्याच उपासनेचा वास आहे, असे रमाबाईंचे मत झाले. मग ज्या बाईला वेद वर्ज्य होता तिने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतले आणि सुमारे अठरा वर्षे खपून संपूर्ण बायबलाचे भाषांतर केले. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, खिळे जुळवणाऱ्या मुक्तीच्याच मुली.

येथे एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. भाषांतर म्हणजे अर्थनिर्णयच. कोणता शब्द ठेवायचा, कोणता टाकायचा, हे रमाबाई एकट्या ठरवीत होत्या. जी सत्ता त्यांनी वाँटेजच्या मठाला नाकारली, ती मुक्तीतल्या शेकडो बायांच्या बाबतीत त्यांच्याच हाती आली होती. भाषांतरही फार शब्दनिष्ठ, वाचताना अडखळायला लावणारे झाले आहे. जेराल्डिनबाईंनी ते पाहून काय म्हटले असते, याची कल्पना मी कधी कधी करतो. पण एक फरक राहतो. रमाबाईंनी अर्थ लावून तो स्वतःपाशी ठेवला नाही. ग्रंथ आणि अक्षरओळख दोन्ही त्या बायांच्या हातात दिली.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. शेवटची मुद्रिते संपेपर्यंत आयुष्य दे एवढेच त्यांनी देवाकडे मागितले होते, असे सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे त्या झोपेतच गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये केडगावहून बाहेर पडले. मंडळ्यांतून मात्र बायबल सोसायटीचीच प्रत वाचली जात राहिली.