रेव्हरंड नारायण वामन टिळक

उपासनेच्या वेळीं मंडळीपुढें उभें राहून गाणें हा मोठा मान होय; आणि मान म्हटला कीं त्याच्या पाठोपाठ अभिमान येतोच. ज्याचा गळा गोड, त्याचें चित्त देवाच्या स्तुतीवरून स्वतःच्या स्तुतीकडे केव्हां वळेल याचा नेम नसतो. आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्या ज्यांचीं गीतें गातात त्या टिळकांसहि हा झगडा चुकला नाहीं. म्हणून त्यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणून घ्यावें.

नारायणराव टिळकांचा जन्म ता. ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं झाला. काव्याची गोडी त्यांस मातोश्री जानकीबाईंपासून लाभली. पुढें नाशिकास त्यांचें संस्कृताचें अध्ययन झालें. तरुणपणीं त्यांची वाणी इतकी ओघवती होती कीं सभा जिंकणें त्यांस कठीण वाटत नसे. आपण स्वतःच एक नवा धर्म स्थापावा, असाहि विचार त्यांच्या मनांत घोळत असे. बुद्धि तेजस्वी होती, आणि अहंताहि तितकीच तेजस्वी होती.

नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयास कांहीं काळ राहिल्यावर ते राजनांदगांवीं जाण्यास निघाले. आगगाडीच्या डब्यांत एका युरोपियन गृहस्थाशीं त्यांचें संभाषण झालें. त्या गृहस्थानें त्यांस नवा करार भेट दिला व तो वाचण्याचें वचन घेतलें. हे गृहस्थ म्हणजे फ्री मेथॉडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड. याच मिशनचें कार्य आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत चालत आलें, हें येथील वाचकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. डोंगरावरील प्रवचन वाचून टिळकांचें मन वेधलें गेलें, आणि ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. घरदार व आप्त दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई यांचा कित्येक वर्षें वियोग घडला. त्या १९०० सालीं ख्रिस्ती झाल्या.

पुढें अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, ही त्यांची कर्मभूमि झाली. त्या काळीं मंडळींत इंग्रजी चालींवर बसविलेलीं भाषांतरित गीतें पुष्कळ गात असत. चाल जेथें ओढावी तेथें शब्द ऱ्हस्व, व जेथें तोडावी तेथें दीर्घ. त्यामुळें मराठीची फार ओढाताण होई. कृष्णराव सांगळे यांनीं देशी चालींत गीतें व कीर्तनें रचून वाट दाखविलीच होती. टिळकांनीं तिचा राजमार्ग केला. अभंग, पद आणि भजन हीं त्यांनीं उपासनेंत आणिलीं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों असें ते सांगत.

अभंग पत्करण्यांत एक मर्म आहे. थोरला अभंग अवघ्या बावीस अक्षरांचा: सहा, सहा, सहा आणि चार. एकानें म्हणावें व सर्वांनीं झेलावें. त्यांत गवयास आपलें कसब मिरविण्यास जागा थोडी, आणि निरक्षर शेतकऱ्यासहि सूर मिळविण्यास जागा पुष्कळ. मंडळीचा आवाज उठला कीं पुढाऱ्याचा आवाज त्यांत बुडून जातो, आणि भजनाचें सार्थक त्यांतच आहे. टिळकांनीं शंभराहून अधिक गीतें रचिलीं. तीं गातांना कर्त्याचें नांवहि पुष्कळांच्या मनांत येत नाहीं.

दुसऱ्याचा गुण पाहून आनंदणें ही कलावंताची खरी कसोटी. १९०७ सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या मुलानें सर्वांस थक्क केलें, आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनीं त्यास बालकवि ही पदवी दिली. टिळक तेव्हां नामांकित कवि होते. परंतु मत्सर न करितां त्यांनीं त्या मुलास नगरास आपल्या घरीं ठेवून पुत्रवत् सांभाळिलें.

याचा अर्थ टिळकांचा स्वभाव पुरता निवळला होता असा नव्हे. ते तापट व हट्टी होते. लक्ष्मीबाईंनीं स्मृतिचित्रें या ग्रंथांत त्यांचे दोषहि मोकळेपणानें सांगितले आहेत. नम्रता त्यांस आयती मिळाली नाहीं. ती त्यांस पुनः पुनः कमवावी लागली. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची नोकरी सोडिली, संन्यासवृत्ति पत्करिली आणि साताऱ्यास देवाचा दरबार स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्यांस व न घेतलेल्यांसहि त्याचें द्वार मोकळें होतें. ख्रिस्तायन हें त्यांचें महाकाव्य अपुरें राहिलें; तें पुढें लक्ष्मीबाईंनीं पूर्ण केलें. ता. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस टिळकांचा अंत झाला. त्यांच्या इच्छेप्रमाणें देहाचें दहन झालें व अस्थि नगरास नेण्यांत आल्या.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांतील कित्येक जण गायकवृंदांत गातात. कोणी पेटी वाजवितो, कोणी तबला. गाणें उत्तम व्हावें म्हणून झटणें हें कर्तव्यच आहे, कारण बेसूर गाणें म्हणजे कांहीं नम्रता नव्हे. परंतु गाणें संपल्यावर शेजाऱ्यास आपलेपेक्षां अधिक शाबासकी मिळाली, तर तुमच्या मनाला काय वाटतें तें तपासून पाहा. टिळकांच्या घरीं बालकवीस जशी जागा मिळाली, तशी त्या शेजाऱ्यास तुमच्या अंतःकरणांत मिळाली, तर तुमचें गाणें देवापर्यंत पोहोंचलें असें खुशाल समजा.