चांदरचे निर्भय संपादक

लिहिण्याची मला सवय नाही. सातवी झाले आणि शाळा सुटली. परंतु आपल्या मंडळाची स्मरणिका निघते आहे, तेव्हा एका थोर पुरुषाविषयी चार शब्द लिहिते.

गोव्याच्या सहलीत पणजीला आझाद मैदानाजवळ एका संस्थेवर मिनेझिस ब्रागांझा हे नाव वाचले. जुन्नरला परत आल्यावर त्यांची माहिती मिळवून वाचली.

लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचा जन्म १५ जानेवारी १८७८ रोजी चांदर गावी झाला. घर ख्रिस्ती आणि श्रीमंत. वाडा केवढा मोठा! स्वस्थ बसून खाता आले असते, पण त्यांनी लेखणी हाती धरली. १९०० साली ‘ओ हेराल्दो’ हे गोव्यातील पहिले पोर्तुगीज दैनिक निघाले, त्याच्या उभारणीत ते होते. १९१० मध्ये पोर्तुगालात राजा जाऊन प्रजासत्ताक आले. धर्म आणि सरकार वेगळे झाले व गोव्यातील हिंदूंना बरोबरीच्या हक्कांची वाट मोकळी झाली. १९११ साली त्यांनी ‘ओ देबात’ हे पत्र काढले. स्वतः ख्रिस्ती घरचे असून ते हिंदूंच्या हक्कांसाठी झगडले, हे मला फार मोठे वाटते.

पुढे १९२६ साली पोर्तुगालात लष्कराने सत्ता घेतली आणि वर्तमानपत्रांचे तोंड बांधले गेले. १९३० साली वसाहतींसाठी जाचक कायदा होऊ घातला. तेव्हा ४ जुलै रोजी सरकारच्याच विधिमंडळात उभे राहून त्यांनी ठराव मांडला, की आपले भवितव्य आपण ठरविण्याचा हक्क गोमंतकाने सोडलेला नाही. पाठीशी ना फौज, ना सत्ता!

१० जुलै १९३८ रोजी ते वारले. गोवा १९६१ साली मुक्त झाला. तो दिवस त्यांना दिसला नाही. १९६३ साली पणजीच्या वास्को द गामा संस्थेला त्यांचे नाव दिले गेले.

हे वाचताना मला माझीच लाज वाटली. गेल्या उन्हाळ्यात ग्रामसभेत पाण्याची गोष्ट निघाली. हंडे आम्हीच वाहतो, पण मी पदर सावरीत मागे गप्प बसले. घरी आल्यावर मात्र चुलीपाशी पुष्कळ बोलले! चुलीला सांगून पाणी येत नाही.

पुढच्या सभेत मी उभी राहणार आहे. भगिनींनो, तुम्ही शेजारी असाल ना?