रॉबर्ट वाइल्डर

रॉबर्ट पार्मेली वाइल्डर (१८६३, कोल्हापूर – १९३८, नॉर्वे) हे अमेरिकन ख्रिस्ती मिशनरी व विद्यार्थी चळवळीचे संघटक होते. परदेशांतील ख्रिस्तसेवेसाठी विद्यार्थ्यांकडून लेखी संकल्प घेणाऱ्या स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट या संघटनेच्या प्रवर्तकांत त्यांची गणना होते.

कौटुंबिक पार्श्वभूमी

त्यांचे वडील रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन बोर्डाचे मिशनरी म्हणून १८४६ मध्ये भारतात आले. प्रथम अहमदनगर येथे काम केल्यानंतर १८५२ मध्ये त्यांनी कोल्हापूर संस्थानात मिशनची स्थापना केली. शाळा चालविण्याच्या प्रश्नावर बोर्डाशी त्यांचे मतभेद झाले. प्रकृतीच्या कारणास्तव ते १८५७ मध्ये स्वदेशी गेले असता बोर्डाने कोल्हापूरचे केंद्र पुढे न चालविण्याचा निर्णय घेतला. तरीही १८६१ मध्ये ते पत्नी एलायझा यांच्यासह कोल्हापुरास परतले. बोर्डाचे वेतन नसताना, मित्रांच्या देणग्यांवर त्यांनी सुमारे नऊ वर्षे हे काम स्वतंत्रपणे चालविले. पुढे ते प्रेस्बिटेरियन मंडळाकडे सोपविण्यात आले. याच स्वतंत्र कार्याच्या काळात रॉबर्ट यांचा जन्म झाला. त्यांचे बालपण कोल्हापुरात गेले. १८७० च्या दशकात हे कुटुंब अमेरिकेत परतले.

संकल्पपत्र

प्रिन्स्टन येथे शिकत असताना १८८३ मध्ये रॉबर्ट यांनी सहाध्यायांसह एक मिशनरी मंडळ स्थापन केले. परदेशी सेवेस जाण्याची तयारी दर्शविणाऱ्या निवेदनावर सभासद सही करीत. थोरली बहीण ग्रेस हिचा या कार्यात मोठा वाटा होता. सभा चालू असताना ती शेजारच्या खोलीत प्रार्थना करीत असे.

१८८६ च्या उन्हाळ्यात डी. एल. मूडी यांच्या पुढाकाराने मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे सुमारे २५० विद्यार्थ्यांचे शिबिर भरले. आरंभी त्यांपैकी सुमारे २० जण सेवेस जाण्यास तयार होते; शिबिर संपताना ही संख्या १०० झाली. पुढे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळविणारे जॉन मॉट हे त्यांपैकी एक होते.

हा संदेश इतर महाविद्यालयांत पोहोचविण्यासाठी रॉबर्ट यांची निवड झाली. त्या वेळी त्यांचे वडील गंभीर आजारी होते. आजारी पित्याजवळ राहणे हे पुत्राचे कर्तव्य होते, तर दौरा हे त्यांनी ख्रिस्ताला दिलेल्या वचनाचे पालन होते. वडिलांनीच त्यांना जाण्याची अनुज्ञा दिली. जॉन फोरमन यांच्यासह त्यांनी अमेरिका व कॅनडातील दीडशेहून अधिक शिक्षणसंस्थांना भेटी दिल्या आणि दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी संकल्प केला. ऑक्टोबर १८८७ मध्ये वडिलांचे निधन झाले. पुढील वर्षी चळवळीस संघटित रूप देण्यात आले.

भारतातील कार्य व उत्तरायुष्य

ब्रिटनमध्ये १८९२ साली स्थापन झालेल्या अशाच संघटनेस त्यांच्या दौऱ्यामुळे चालना मिळाली. त्याच वर्षी नॉर्वेच्या हेलेन ओल्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर ते भारतात आले आणि यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या (वायएमसीए) वतीने कोलकाता, पुणे इत्यादी ठिकाणी विद्यार्थ्यांत कार्य करू लागले. मात्र प्रकृती ढासळल्याने १९०२ मध्ये त्यांना भारत सोडावा लागला. इतरांना आजन्म परदेशसेवेचे आवाहन करणाऱ्या वाइल्डर यांना जन्मभूमीत राहून ते व्रत पूर्ण करता आले नाही. त्यानंतर त्यांनी युरोपातील विद्यार्थ्यांत कार्य केले. १९१९ ते १९२७ या काळात ते स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंटचे सरचिटणीस होते. पुढे कैरो येथे त्यांनी पश्चिम आशियातील ख्रिस्ती परिषदेचे काम पाहिले. १९३८ मध्ये नॉर्वे येथे त्यांचे निधन झाले.

महत्त्व

सही करणारे सर्वच परदेशी गेले नाहीत. प्रकृती, कौटुंबिक जबाबदाऱ्या व निधीची टंचाई यांमुळे अनेकांचा संकल्प अपुरा राहिला. तथापि, या चळवळीतून सुमारे २०,००० जण प्रत्यक्ष सेवेस गेले, असे सामान्यतः मानले जाते. ख्रिस्तनिष्ठा ही केवळ जन्माने वा परंपरेने मिळणारी गोष्ट नसून व्यक्तीने विचारपूर्वक घ्यावयाचा निर्णय आहे, ही भूमिका वाइल्डर यांच्या कार्याच्या मुळाशी होती.